जावयाचा घण

माझा मेहुणा इटलीचा आहे आणि दगड फोडतो. बाहेरच्यांना आम्ही ‘शिल्पकार आहेत’ असं सांगतो. घरात मात्र या कामाला बरीच वर्षं दगड फोडणंच म्हणायचे, कारण ते काम त्यांच्याआधीपासून आमच्या घरात होतं. माझी आई पुण्याजवळच्या मांजरी गावापलीकडच्या एका खाणीवर खडी फोडायची. माझे वडील त्याच खाणीत सुरुंग लावायचे आणि तिथेच गेले.

ते कसे गेले हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. खडकात ओळीने भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि लांब पळून बार मोजायचे. जितकी भोकं तितके बार आले की कामाला लागायचं. त्या सकाळी एक बार कमी आला. बराच वेळ वाट बघून वडील पुढे गेले, वाकले आणि तेव्हा तो उडाला. मी चौथीत होतो. जे मिळालं ते लोकांनी एका चादरीत आणलं आणि ती चादर आम्हाला उघडू दिली नाही. त्यांचा एकही फोटो नाही. कुणी काढलाच नव्हता.

आईने खाण सोडली नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे बोटांना गुंडाळून ती आणखी कितीतरी वर्षं खडी फोडत राहिली. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला नख नाही. आम्ही दोघं भावंडं अभ्यास चुकवला की त्याच हाताचा मार खायचो, आणि तो हात साधा नव्हता. ताई नर्स होऊन नोकरीला लागली तेव्हा आईने हातोडा विहिरीत टाकला आणि म्हणाली, “आता ह्या घरात दगडाचा आवाज नको.”

आणि ताईने लग्न केलं ते दगड फोडणाऱ्याशी.

त्यांची पहिली भेट रक्तात झाली. एका कला महाविद्यालयाच्या शिबिरासाठी ते पुण्यात आले होते. काळ्या दगडाची कपची उडून भुवईच्या वर घुसली आणि ते रुमाल दाबून ताईच्या दवाखान्यात गेले. ताईने कपची काढून ट्रेमध्ये टाकली. ती त्यांनी धुऊन मागितली. ताई म्हणाली, “काय करणार तिचं?” तर इंग्रजीत म्हणाले, “हिने मला मारलं. मला बघायचं आहे ती कुठून मारते.” ताईला हे बोलणं आवडलं. आवडण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला.

“कुठला म्हनलीस?”

“इटलीचा.”

“लांब हाय का?”

“खूप लांब.”

“मग इतक्या लांबून आला, ते खडी फोडायला? तिकडं दगूड न्हाई?”

तिकडे दगड होता, हे पुढे दाजींनीच मला सांगितलं. ताई मोठी असल्यामुळे मी त्यांना दाजी म्हणतो. त्यांचं गाव पांढऱ्या संगमरवराच्या डोंगराखाली आहे. गावातल्या जुन्या माणसांच्या हातांना पाच बोटं असली तर लोक विचारायचे, याने काम काय केलं आयुष्यभर? त्यांच्या आजोबांवर उतारावरून घसरलेला ठोकळा आला होता. वडील कारखान्यात देवदूत कोरायचे, सगळे एकाच साच्याचे, कबरींवर ठेवायला. पोराच्या हातून देवदूताचं नाक उडालं की कमरेचा पट्टा निघायचा. दाजींच्या पाठीवर त्या पट्ट्याच्या बकलाची खूण आहे, मी पाहिली आहे. “पांढरा दगड लोण्यावानी कापतो,” ते म्हणायचे. “जे सांगाल ते ऐकतो. काळा न्हाई ऐकत. काळा उलटा मारतो. म्हनून आलो.”

मराठी ते आईचं ऐकून आणि टेम्पोवाल्यांकडून शिकले, त्यामुळे ती अशी आहे.

लग्न विहारात झालं. आईने सगळं नीट केलं, पण जावयाशी ती बेताचंच बोलायची. हडपसरला त्यांनी भाड्याने घेतलेली जागा आवाजामुळे दोनदा गेली, तेव्हा ताईने आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकू द्या म्हणून विचारलं. आई हो म्हणाली, लेकीसाठी. घणाचा पहिला आवाज आला त्या दिवशी तिने ताट बाजूला सारलं, आत जाऊन दार लावलं आणि कानावर उशी धरून पडून राहिली. नंतर तिला सवय झाली, की तिने तसं दाखवलं, सांगता येत नाही.

माझा व्यवसाय बांधकामाची अंदाजपत्रकं करण्याचा आहे. किती माती, किती सिमेंट, किती दगड, हे मला डोळ्यांनी दिसतं. त्यामुळे दाजींची पद्धत मला सुरुवातीला वेडेपणाची वाटली. ते चित्र काढत नाहीत, मातीचा नमुना करत नाहीत. दगड आला की आधी त्याला घणाने मारायचं. सात किलोचा घण, बाभळीचा दांडा. चारी बाजूंनी, वरून, खालून, आठवडेच्या आठवडे. ज्यात कुठे चीर असेल तो फुटतो आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीशी ढिगात जातो. “आधी मरेपर्यंत मारायचा,” ते म्हणायचे. “जेवढा मरत न्हाई तेवढाच ठेवायचा.” दहा ठोकळ्यांतले आठ मरायचे. जे उरायचे त्यांच्या अंगावर घणाचे पांढरे वण तसेच राहायचे आणि एखादाच भाग आरशासारखा घासलेला असायचा. असे त्यांचे दगड एका हॉटेलच्या बागेत आहेत, एका कारखान्याच्या दारात आहेत, काही परदेशी गेले. हॉटेलच्या दगडावर लोक मुलांना बसवून फोटो काढतात. दाजी एकदा ते बघून आले आणि परत गेले नाहीत.

मारताना ते कुणाचे नसत. घामाने बनियन अंगाला चिकटलेला, डोळे बारीक, दर घावाला घशातून एक आवाज. कपच्यांनी हात सोललेले. समोरच्या नव्या टॉवरमधले एक गृहस्थ गॅलरीतून ओरडायचे, “अहो, कोणत्या जन्माचं वैर काढताय? रविवारी तरी त्याला जिवंत सोडा!” दाजी खालून ओरडायचे, “तुमीच या की खाली, त्याच्या जागी!” ते गृहस्थ कधी खाली आले नाहीत, पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. आमच्या भांड्यांच्या मांडणीतले पेले दिवसभर एकमेकांवर वाजत असायचे.

पुढे आमच्या वडिलांच्या नावाचा झाला तो दगड दाजींना वडिलांच्या त्या जुन्या खाणीतच सापडला. खाण कधीच बंद झाली आहे. अर्धी पाण्याने भरली आहे आणि काठावर इमारती आल्या आहेत. रस्त्यासाठी एक कडा फोडत होते, तिथून त्यांनी तो ठोकळा क्रेनने आणला. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, अडीच फूट जाड. आमच्या काळ्या दगडाचं वजन घनफुटाला ऐंशी किलोच्या थोडं वर जातं, म्हणजे पावणेचार टनांच्या आतबाहेर. त्याच्या एका अंगाला, जमिनीपासून चार फुटांवर, तिरपं आत गेलेलं सुरुंगाचं एक आख्खं भोक होतं. एरवी खाणीच्या दगडावर भोकाची अर्धी पन्हळ दिसते, कारण उरलेली अर्धी स्फोटात उडालेली असते. हे भोक उडालेलंच नव्हतं. पाडलं आणि राहिलं. मी स्वतः सळई घालून पाहिलं, आत काही नव्हतं, फक्त माती.

ते कोणाच्या हातचं होतं कोण जाणे. त्या खाणीत पुष्कळ माणसं होती. दाजींनी आईला हाताला धरून आणलं आणि भोक दाखवलं. आई बघत राहिली आणि आत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी तिने त्यांना जेवायला वाढताना विचारलं, “पाव्हणं, त्या दगडाचं काय करनार?”

“त्यांचं करनार,” दाजी म्हणाले.

त्या दिवसापासून त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. वडिलांच्या स्मरणार्थ विहाराला काहीतरी द्यायचं हे आईच्या मनात होतंच. तिने आधी पाण्याचा स्टीलचा पिंप दिला होता, नंतर एक पंखा. दोन्हींवर वडिलांचं नाव आहे. आमच्याकडे वस्तू दिली की तिच्यावर नाव घालतात, नाहीतर ती कुणाच्या आठवणीत दिली हे कुणाला कळणार? पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवलेलं आहे, पंखा बंद असला की वाचता येतं. आता हा दगड विहाराच्या अंगणात उभा राहणार होता.

दाजींनी तो किती मारला! पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. दोन दांडे मोडले. दगड फुटला नाही. मग त्यांनी भोकाच्या भोवतीचा भाग हाताने घासायला घेतला, पाणी घालून, आधी जाड कुरुंदाने, मग बारीक. भोकाच्या भोवती एक उथळ खळगा झाला, ओंजळीसारखा, काळा कुळकुळीत, आणि त्याच्या मधोमध ते भोक. बाकी सगळा दगड घणाने चेचलेला, पांढऱ्या वणांनी भरलेला. मला शिल्पातलं फार कळत नाही. पण त्या खळग्यासमोरून जाताना मी हातातलं काम विसरून भोकात बोट घालून बघायचो. दाजी म्हणाले, आयुष्यात त्यांच्या हातून एवढं चांगलं झालं नव्हतं.

दगड हलवायच्या आधीचा रविवार. दाजी मार्केट यार्डात जुनी पोती आणायला गेले होते, दगडाभोवती गुंडाळायला. ताई ड्युटीवर होती. मी फाटकाशी टेप लावून या वेळची मोठी क्रेन आत येईल की नाही ते मोजत होतो. मागून ग्राइंडरचा आवाज यायला लागला. आमच्या घरात तो आवाज रोजचाच होता. दाजी घरी नाहीत हे लक्षात येऊन मी मागे गेलो.

शनिवार पेठेत संगमरवराच्या पाट्या आणि कोनशिला करणारा एक पन्नाशीचा माणूस आहे. विहाराची पाटी त्यानेच केली होती. आईने त्याला बोलावून घेतलं होतं. तो स्टुलावर बसून ग्राइंडरने अक्षरं काढत होता. त्या घासलेल्या खळग्यात. भोकाच्या बरोबर खाली. खडूने पूर्ण नाव आखून झालं होतं, गेलेल्या माणसाच्या नावाआधी आमच्यात लावतात ते ‘कालकथित’ कोरून झालं होतं, आणि वडिलांचं नाव अर्धं.

आई शेजारी पिंप धरून उभी होती. नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेत नाही, म्हणून विहारातून पिंप आणून त्याच्यावरचं नाव त्याला दाखवलं होतं.

“अगं, इथे कशाला? खाली खडबडीत आहे तिथे घालायचं ना!”

“खाली कोन वाचनार?” आई म्हणाली. “हितं गुळगुळीत हाय. पाव्हन्यांनी नावासाठीच तर जागा केली.”

तिला खरंच तसं वाटलं होतं. दुसरा कशासाठी एवढा घासेल?

पाटीवाला म्हणाला, “अहो साहेब, जरा बाजूला व्हा, डोळ्यात कचरा जाईल.” मी अक्षरांची खोली पाहिली. तीन सूत, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. ते घालवायचं तर सगळा खळगा तीन सूत खाली न्यावा लागेल, आणि भोकाची कड तेवढी जाड नव्हती. हा हिशोब डोक्यात होतो न होतो तोच टेम्पो आला.

दाजी पोत्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन आत आले, थांबले, बघितलं. गठ्ठा खाली पडला. ते ओरडले नाहीत. त्यांनी पाटीवाल्याची मान मागून धरली आणि त्याला स्टुलासकट कपच्यांच्या ढिगावर फेकलं. ग्राइंडर चालूच होता. तो जमिनीवर पडून गरगरत फिरला आणि पाटीवाल्याची नडगी चिरून गेला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. तोवर दाजी त्याच्या छातीवर बसले होते. एक ठोसा, दुसरा, तिसरा. पाटीवाल्याच्या तोंडातून रक्त आलं. तोही काही मवाळ नव्हता. त्याच्या हाताला छिन्नी लागली, ती त्याने दाजींच्या कपाळावर घातली. जुन्या जखमेच्या वरच दुसरी उघडली. मी दाजींना मागून मिठी मारली, तर त्यांचं कोपर माझ्या नाकावर बसलं आणि मला क्षणभर काही दिसेना. पाटीवाला परत छिन्नी उचलायला गेला. दाजींनी बूट त्याच्या मनगटावर ठेवला आणि सगळं वजन टाकलं.

हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो मोठा असेल असं मला वाटायचं. तो अगदी बारीक होता.

मग दाजींनी घण घेतला. आम्हाला वाटलं माणसावर घालतात. ते दगडाकडे वळले. आईला ते आधीच कळलं होतं. ती पिंप टाकून खळग्याला पाठ लावून उभी राहिली. सव्वाचार फुटांची बाई, दोन्ही हात पसरलेले.

“सरका आई.”

“मारा पाव्हणं. आधी मला मारा.”

त्यांनी मारला. तिच्या डोक्याच्या वर, दगडाच्या खांद्यावर. ताटाएवढी कपची उडून पत्र्यावर आदळली. आईच्या केसांवर, खांद्यांवर दगडाची धूळ पडली. ती डोळे मिटून उभी होती आणि हलली नाही. दाजींनी घण परत उचलला. मी दांडा धरायला गेलो, त्यांनी मला खांद्याने ढकललं आणि मी पोत्यांवर पडलो.

“ह्यात माझा मानूस कुठं हाय ते दाखवा,” आई म्हणाली. “दाखवा, मग फोडा.”

दाजींनी एका हातात घण धरून दुसरा, रक्ताने माखलेला, तिच्या कानाशेजारून भोकावर ठेवला. “हितं. जे न्हाई, ते हितं हाय.”

“न्हाई ते मला नका दाखवू. न्हाई ते मी रोज बघतीया. पोरांच्या शाळंच्या दारात बघितलं, लेकीच्या लग्नात बघितलं. मला हाय ते पायजे. काय हाय? फोटू हाय? कबर हाय? नाव हाय. तेवढंच हाय. ते पन फोडनार?”

दाजींनी भोकावरचा हात काढला. मग ते वळले आणि शेडमधल्या दुसऱ्या एका दगडावर, ज्याचं काम निम्मं झालं होतं, घण घालायला लागले. तो फुटला. ते त्याचे तुकडे फोडत राहिले. तुकड्यांचे तुकडे. शेवटी दांडा मोडला आणि घणाचं लोखंड भिंतीवर जाऊन आपटलं, तेव्हा ते खाली बसले. आई खळग्याला पाठ लावूनच होती. समोरच्या टॉवरमध्ये प्रत्येक गॅलरीत माणसं उभी होती आणि त्या दिवशी कुणीही काही ओरडलं नाही.

ताई आली ती गणवेशातच. ओट्यावर तिने दोघांना शेजारी शेजारी बसवलं, एकाच्या कपाळाला टाके, दुसऱ्याच्या मनगटाला फळी. माझ्या नाकात कापूस. “तुम्हा दोघांना माणसांच्या दवाखान्यात घेणार नाहीत,” ती म्हणाली. “जनावरांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी देते.”

“मला चौकीत जायचंय,” पाटीवाला म्हणाला. ओठ सुजल्यामुळे त्याचं बोलणं जड येत होतं, पण शब्द स्वच्छ होते. “आधी हाताचा फोटो, मग चौकी. परदेशी माणूस आहे ना? मग बघू त्यांना कुठला दगड मिळतो फोडायला.”

ताईचे हात थांबले. दाजींचा इथला मुक्काम व्हिसाच्या कागदावर चालतो, आणि एवढी वर्षं झाली तरी दर नूतनीकरणाच्या वेळी ती धास्तावलेली असते. मारामारीची नोंद झाली तर काय होईल हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांना जावं लागलं असतं, आणि ती म्हातारीला सोडून गेली नसती.  मी बोलायला सुरुवात केली, उपचाराचं वगैरे, तर पाटीवाल्याने मला चांगला हात वर केला.

“तुम्ही भरपाई मोजू नका साहेब. मला भिकारी समजता काय? ते नाव बघा. अर्धं आहे. आमच्या धंद्यात जिवंत माणसाची पाटी दोन वर्षं पडून राहते, चालतं. गेलेल्या माणसाचं नाव अर्धं टाकून कारागीर उठत नाही. माझे वडील तापात बसून नाव पुरं करायचे. आता माझा हात असा. माझ्या हातचं अर्धं नाव ह्या बाईंच्या दारात राहणार, ते मी सहन करणार नाही.”

“मग काय करायचं?” ताईने विचारलं.

त्याने दाजींकडे बघितलं. “ह्यांनी पुरं करायचं. माझ्यासमोर. एकही अक्षर चुकलं तर मी चौकीत.”

दाजी म्हणाले, “न्हाई करनार.”

ताईने टाक्याचा दोरा थोडा जास्तच जोरात ओढला. “अहो,” ती म्हणाली, एवढंच.

दाजींना देवनागरी वाचता येत नाही. खडूची आखणी होती, तिच्यावरून जायचं होतं. ग्राइंडर घ्यायला त्यांनी नकार दिला, छिन्नी आणि हातोडाच घेतला. पुढच्या सकाळी पाटीवाला हात गळ्यात बांधून आला आणि स्टूल ओढून बसला. आईही येऊन बसली. मी रजा टाकली होती, कारण या दोघांना छिन्नीसह एका शेडमध्ये सोडणं मला बरोबर वाटत नव्हतं.

पहिल्या घावाच्या आधी दाजींनी तो घासलेला दगड बराच वेळ तळव्याने चोळला. मग मारलं. काचेसारख्या त्या काळ्यावर पांढरा ओरखडा उठला. त्यांचं तोंड असं वाकडं झालं, जणू घाव त्यांच्यावर बसला.

“अहो रोमन सम्राट,” पाटीवाला म्हणाला, “ती वेलांटी आहे, शेपूट नव्हे. वर वळवा.”

“गप बस थोट्या.”

“थोटा कुणी केला?”

“अजून एक हात हाय तुला.”

“लक्षात आहे, म्हणून लांब बसलोय.”

घाव, कपची, शिवी. घाव, कपची, शिवी. एकदा कपची उडून पाटीवाल्याच्या गालाला लागली. त्याने रक्त पुसून बघितलं आणि म्हणाला, “मुद्दाम?” दाजी म्हणाले, “दगडाला विचार.” दुपारी आईने दोघांना एकाच परातीतून भाकरी-पिठलं वाढलं. एकाचा उजवा हात गळ्यात बांधलेला, तर दुसऱ्याचा उजवा हात दिवसभर हातोडा धरून उघडत नव्हता. दोघंही डाव्या हाताने जेवले, एकमेकांकडे न बघता.

असं काम चाललं ते आडनावापर्यंत. शेवटचा काना झाल्यावर दाजींनी हातोडा टाकला. पाटीवाला उठला, खळग्याजवळ गेला, बोटाने अक्षरांच्या कडा तपासल्या. 

“खोल गेलंय,” तो म्हणाला. नाराजीने. “तुमचं पाच सूत आहे. माझं तीन. उन्हात माझं अर्धं दिसणार नाही, तुमचंच दिसणार.”

“मग?”

“मग काय? माझंही खोल करा. एका माणसाचं नाव दोघांनी लिहिल्यासारखं दिसतंय.”

दाजींनी कपाळावरची धूळ पुसली. मग हसले. रविवारनंतर त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि ते हसणं काही प्रेमाचं नव्हतं. त्यांनी हातोडा परत उचलला आणि ‘कालकथित’च्या पहिल्या अक्षरापासून सगळं नव्याने मारायला घेतलं. आता त्यांना आखणी बघावी लागत नव्हती. पाटीवाल्याची अक्षरं एकेक करून त्यांच्या छिन्नीखाली गेली. तो समोर बसून बघत होता आणि मला वाटतं त्या वेळी त्याला मनगटापेक्षा ते जास्त दुखत होतं.

नाव पूर्ण झालं. खळगा पहिल्यासारखा राहिला नव्हता, हे मला दिसत होतं, दाजींना दिसत होतं. पाण्यासारखी शांत होती ती जागा आता चरांनी भरली होती. पण भोकाची कड तुटली नव्हती. अक्षरं तिच्यापासून बोटभर अंतरावर थांबली होती, सगळीकडे सारखी.

पाटीवाल्याने पिशवीतून पांढऱ्या रंगाचा डबा काढला. “आता ह्यात रंग भरायचा.”

“रंग न्हाई,” दाजी म्हणाले.

“अहो, काळ्यावर काळं अक्षर कोण वाचणार? नाव वाचता आलं पाहिजे. मग एवढं कशाला केलं?”

“रंग लावलास तर दुसरा हात.”

“लावा की हात! चौकी अजून तिथेच आहे!”

पाटीवाल्याने डब्याचं झाकण दाताने उघडलं. दाजी छिन्नी घेऊन उठले. पाटीवाला डबा उगारून उभा राहिला. मी मध्ये गेलो, आणि या खेपेला नाकावर हात ठेवून गेलो.

आई उठली. तिने पाटीवाल्याच्या हातातून डबा काढून घेतला, दाजींच्या हातातून छिन्नी काढून घेतली. दोन्ही पदराखाली धरून ती दगडासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तिने नावाकडे बघितलं, कपाळ टेकवलं नाही, हातही लावला नाही.

“तुमाला भांडायचं असंल तर भांडा,” ती म्हणाली. “रस्त्यावर जावा, हाडं मोडा एकमेकांची. ह्या मानसाला लई मारलंय. आता ह्याला कुनी हात लावायचा न्हाई.”

पाटीवाला डबा घेतल्याशिवायच गेला. चौकीत तो गेला नाही. दाजी संध्याकाळपर्यंत शेडच्या दारात बसून होते, मग उठून त्यांनी त्या दगडाला स्वतःच पोती गुंडाळली, खालून वर, आणि सुतळीने आवळून बांधली. सकाळी क्रेन आली. दोन्ही बाजूंना चार-चार इंच राखून ती फाटकातून आत शिरली.